तट्ट्यापलीकडचे पाढे

ही गोष्ट आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. यजमानांना मी कधी बोलले नाही, मुलींना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणाऱ्यांसमोर हे तोंडातून निघत नाही — प्रयत्न करून पाहिला आहे.

मोठं काही नाही म्हणा. चोरी नाही, मारहाण नाही. मी शिक्षिका होते. माझं माहेर ठाण्याला, नौपाड्यात. मुंबईच्या ट्रेनिंग कॉलेजातून नवी पद्धत शिकून आले आणि डोंबिवलीच्या एका शाळेत लागले. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आणि सगळंच नव्यानं करायचं आहे असं आम्हाला वाटत होतं. मूल शिकतं कसं, याच्या उपपत्ती मला तोंडपाठ होत्या. एक म्हणते, पिंजऱ्यातल्या मांजरासारखं धडपडत, चुकत, पुन्हा पुन्हा करत. दुसरी म्हणते, छे — सगळं चित्र नजरेसमोर आलं की एकदम उलगडा होतो, आणि तेच खरं शिकणं. मी या दुसरीची. घोकंपट्टी हा शब्द मी शिवीसारखा वापरायची.

चौथीच्या दोन तुकड्या होत्या. एक माझी, एक म्हात्रे गुरुजींची. मधे भिंत नव्हती, नुसता बांबूचा तट्ट्या. गुरुजी जवळच्याच कोपर गावचे. त्यांच्या घरची माणसं मिठागरावर आणि शेतात राबणारी. शिकून मास्तर झालेले ते पहिलेच. धोतर, काळी टोपी, आवाज मात्र भरदार. पाढे ते भातलावणीच्या गाण्याच्या चालीवर म्हणून घेत. सकाळचा पहिला तास तट्ट्यापलीकडून नुसता पाढ्यांचा. मला त्याचा इतका राग यायचा — काय सांगू? मी माझ्या मुलांपुढे चिंचोके मांडायची, त्यांचे गट करायला लावायची, सहाचे चौदा ढीग कसे होतात ते त्यांच्या हातांनी करवून घ्यायची. मुलांना समजायचं. डोळे चमकायचे. आणि चार दिवसांनी विचारलं की पुन्हा बोटं मोजत बसायची.

हेडमास्तरांनी ठरवलं होतं की वर्षअखेर दिपोटीसाहेब तपासणीला येतील तेव्हा दोन्ही तुकड्यांची गणितं घेतील, आणि ज्याची तुकडी चांगली त्याच्या पद्धतीनं सगळी शाळा चालेल. मला कायम करायचं की नाही, तेही त्यावरच होतं. मी घाबरले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. होते, एवढंच.

एक दिवस माझ्या वर्गातल्या सुंदर नावाच्या मुलीला मी सहज विचारलं, चौदा सक किती? एरवी ती ढिम्म. त्या दिवशी चिंचोक्यांना हातही न लावता म्हणाली, चौऱ्याऐंशी. मी विचारलं, "कुठून आलं गं हे?" तिनं तट्ट्याकडे बोट दाखवलं.

तिकडून येणारा पाढा तिच्या कानात बसला होता. चिंचोक्यांनी समजलं होतं, आणि गुरुजींच्या आवाजानं ते टिकलं होतं. दोन्ही हवं होतं — एवढं साधं. त्याच दुपारी मी गुरुजींकडे जाऊन हे बोलले असते तर? ते हसले असते, चहा मागवला असता, आणि आम्ही दोघांनी मिळून मुलांना शिकवलं असतं. मी काय केलं? मी माझं वेळापत्रक बदललं. चिंचोक्यांचा तास पहिला केला. मुलांना सांगितलं, या तासाला अगदी गप्प राहून काम करायचं. आणि कच्ची मुलं तट्ट्याला लागून बसवली.

दिपोटीसाहेब आले. गुरुजींच्या मुलांनी उत्तरं फटाफट दिली, पण तेर साती एक्क्याण्णव का, असं विचारल्यावर पुन्हा तोच पाढा म्हणू लागली. माझ्या मुलांनी उत्तरंही दिली आणि चिंचोके मांडून का तेही दाखवलं. साहेब खूष झाले. मला विचारलं, "बाई, तुम्ही पाढे पाठ करून घेता का?"

मी म्हटलं, "नाही साहेब. मी एकही पाढा पाठ करून घेतलेला नाही."

शब्द न् शब्द खरा. म्हणून तर इतकी वर्षं पचला. गुरुजी दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं माहीत आहे? कौतुक. माझं.

शाळेतले पाढे बंद झाले. मी कायम झाले. आणि पुढच्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर गुरुजी माझ्या वर्गात आले. वडिलांच्या वयाचा माणूस — टोपी नीट करत म्हणाले, "बाई, मला शिकवाल का तुमची पद्धत? माझ्या पोरांना उत्तर येत होतं, पण का ते येत नव्हतं. ते माझ्याकडून राहिलं."

ते रोज यायचे. मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसायचे आणि चिंचोके मांडायचे. इतका चांगला विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. एकदा ढीग लावता लावता थांबले. म्हणाले, "समजतं कसं ते कळलं, बाई. पण राहतं कसं? घोकल्याशिवाय?"

बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "एकदा खरं समजलं की आपोआप राहतं, गुरुजी."

त्यांनी मान डोलावली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

पुढच्या वर्षी तट्ट्यापलीकडे शांतता. दोन्हीकडची मुलं समजून घेत होती आणि विसरत होती. मी काय केलं ते सांगू? मी माझ्या मुलांना मैदानात न्यायला लागले, टाळ्यांच्या तालावर पाढे म्हणून घ्यायला लागले. त्याला तालबद्ध खेळ असं नाव दिलं. हेडमास्तरांना ते फार आवडलं. गुरुजींना मी सांगितलं नाही. ते वर्गात पाठ करून घेत नव्हते, कारण मला तसा शब्द दिला होता. त्यांची तुकडी मागे पडली. त्यांना पहिलीचा वर्ग देण्यात आला. शिक्षकांच्या खोलीत ते सगळ्यांना सांगत, "बाईंनी शिकवण्यात कसूर नाही केली. मलाच जमलं नाही."

मी पुढे ठाण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. अध्ययनाच्या उपपत्ती शिकवायला — हो, त्याच. दर वर्षी नव्या मुलींना डोंबिवलीच्या त्या तुकडीची गोष्ट सांगायची. तट्ट्या वगळून.

गुरुजी निवृत्त झाल्यावर एकदा त्यांना भेटायला कोपरला गेले. अंगण सारवलेलं, पलीकडे खाडीकडे गेलेली शेतं. त्यांची नात ओट्यावर बसून पाढे म्हणत होती, त्याच लावणीच्या चालीवर. आजीकडून शिकली असणार. मला पाहून गुरुजी ओशाळले. तिला म्हणाले, "अगो बाय, पाठ नको करू. समजून घे आधी." पोर गप्प झाली. मी चहा पीत होते. मी चहा पीतच राहिले.

निघताना ते मला पोचवायला डोंबिवली स्टेशनपर्यंत चालत आले, मी नको म्हणत असताना. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "ह्या माझ्या बाई." गाडीला वेळ होता. फलाटावर आम्ही दोघंच बाकावर बसलो होतो. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं — तक्रार नव्हती, विद्यार्थी विचारतो तसं विचारलं — "बाई, तुम्ही सांगितलं तसंच सगळं केलं होतं मी. माझं काय चुकत होतं, ते कधी लक्षात आलं का तुमच्या?"

ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. माझी नोकरी पक्की होती. भीती कसलीच नव्हती. मी म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही, गुरुजी. वय आड आलं. नवं शिकायचं एक वय असतं."

ते म्हणाले, "असेल." गाडी आली तेव्हा त्यांनी माझी पिशवी उचलून आत ठेवली, आणि मला खिडकीजवळ जागा मिळाली का ते बाहेरून वाकून पाहिलं.