अकरावा नियम आणि चाळीस शहाणी घरं

आरोग्यशिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीचे नियम आम्हाला पहिल्याच दिवशी सायक्लोस्टाइल केलेल्या सात पानांवर मिळाले होते. मी ते लग्नपत्रिकेसारखे वाचले. आपलं नाव आहे ना एवढं बघितलं आणि ठेवून दिले. प्रबंधाला डावीकडे दीड इंच समास हवा, एवढं मात्र डोक्यात राहिलं. अकरावा नियम राहिला नाही. त्यानं मला त्या दुष्काळाच्या वर्षी सोलापूरभर सायकलवर पळवलं.

अकरावा नियम असा की, उमेदवारानं एका वस्तीतली चाळीस घरं निवडावीत, शिकवण्याआधी त्यांची पाहणी करावी, मग शिकवावं, मग त्याच घरांची पुन्हा पाहणी करावी. दोन पाहण्यांत जो फरक पडेल तोच प्रबंध. सत्राच्या आत तो दिला नाही तर वर्ष पुन्हा. माझी अभ्यासरजा एकाच वर्षाची होती आणि तीही ऑफिसनं नाक मुरडत दिली होती. प्रबंध हुकला की पदवी गेली, आणि मी पुन्हा लस टोचल्याची रजिस्टरं भरायला हजर.

विषय साधा निवडला होता: पिण्याच्या पाण्यात हात बुडवू नये, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी घ्यावं. वस्ती विणकरांची. घरोघरी माग, बायका चरख्यावर सुताच्या कांड्या भरायच्या, आपसात तेलुगू बोलायच्या आणि माझ्याशी मराठी.

पहिल्या दिवशी पिशवीत कोरे फॉर्म घेऊन गेलो. नळाला पाणी यायचं होतं आणि बायका भांडी रांगेत लावून बसल्या होत्या. कुठं जाऊ न शकणारे एवढे श्रोते मला जन्मात मिळाले नव्हते. जीभ वळवळायला लागली. म्हटलं, फॉर्म काय, उद्याही भरता येतील. नळाजवळच्या घरातल्या एका वयस्क बाईंची कळशी मागून घेतली. त्यांना सगळी वस्ती अक्का म्हणायची. पिशवीतून ओगराळं काढलं आणि नखातल्या मळापासून हगवणीपर्यंत सगळं तासभर अभिनयासकट सांगितलं. हगवण लागलेल्या माणसाची धाव करून दाखवली तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. नळाला पाणी आलं तरी दोघीतिघी उठल्या नाहीत. दुष्काळात याहून मोठा मान कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला बसलो. पहिल्या घरी विचारलं, "पाण्यात हात बुडवला तर काय होतं?" बाईंनी माझंच भाषण मला परत ऐकवलं, हातसुद्धा माझ्यासारखा हवेत नाचवून. दुसऱ्या घरी तेच. चाळिसाव्या घरी तर सासरेबुवांनी उठून धाव करून दाखवली. ती माझ्यापेक्षा बरी होती.

सगळा गठ्ठा मी अभिमानानं मार्गदर्शक सरांपुढं ठेवला. त्यांनी शांतपणे चाळला.

"सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर. ही पहिली पाहणी ना? आता दुसरीत वाढ कशात दाखवणार?"

"सर, वस्तीच हुशार निघाली."

"वस्ती नाही, तुम्ही हुशार निघालात. नियम वाचले होते का?"

"समास दीड इंच," मी म्हणालो.

सरांनी चष्मा काढून पुसला. "पाच आठवडे उरलेत. न शिकवलेली वस्ती शोधा. आणि शोधताना तोंड बंद ठेवा."

मग मी अडाणी घर शोधत हिंडू लागलो. जेवताना घास तोंडात आणि डोकं घराघरात. बायको म्हणायची, "बसा की दोन मिनिटं. पाटाखाली मुंग्या आहेत का?" शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विणकर वस्तीत गेलो, तर तिथं अक्कांची धाकटी बहीण दिलेली. माझं भाषण माझ्या आधी पोचलं होतं, धावेसकट. मग एका दुपारी वाचनालयात बसून खोटे फॉर्म भरायला घेतले, तेही कबूल करतो. चुकीची उत्तरं बनवायची होती. तिसऱ्या फॉर्मवर बाईंच्या तोंडी 'जंतुसंसर्गाची मला कल्पना नाही' असं वाक्य आलं. मी स्वतःच हसलो, आणि मग लाज वाटून ते फाडून टाकले.

शेवटी एसटीनं सांगोल्याकडच्या एका गावी गेलो. लोक टँकरची वाट बघत रस्त्याच्या कडेला बसले होते. तोंड बंद ठेवून फक्त प्रश्न विचारला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मलाच उलट विचारलं.

"हात बुडवता का म्हणता?"

"हो."

"बुडवाय पानी कुटं हाय, सायेब?"

फॉर्ममध्ये या उत्तराला रकाना नव्हता. कोरे फॉर्म तसेच घेऊन परतीची एसटी धरली. स्टँडवर उतरलो, सायकल काढली, आणि पाय कुठं चालले ते कळायच्या आत अक्कांच्या दारात उभा होतो. घशाला कोरड पडली होती.

अक्का चरख्याशी बसल्या होत्या. एक हात चाकावर, दुसऱ्याच्या चिमटीत सूत. पाणी मागितलं तशी त्यांनी सूत सोडलं, शेजारच्या कळशीत फुलपात्र बोटांसकट बुडवलं आणि माझ्यापुढं धरलं. चाक फिरतच होतं. भिंतीवर खिळ्याला ओगराळं लटकत होतं, घासून लखलखीत.

"अक्का, अहो, त्या दिवशी तर तुम्ही मला सगळं बरोबर सांगितलंत."

"म्हाईत हाय का इचारलं, सांगितलं की. करता का म्हणून कुटं इचारलं?"

"मग ओगराळं?"

"तुमी आला की काढतो." त्या माझ्या तोंडाकडं बघून हसल्या. "मास्तर, ओगराळ्याला दोन हात लागतात. एका हातात ते, एका हातात फुलपात्र. मग हे चाक काय तुमी फिरवणार?"

मी ते पाणी प्यायलो. न पिऊन काय करतो? मग तिथंच पायरीवर बसून पिशवीच्या तळातली ती सात पानं काढली आणि अकरावा नियम पहिल्यांदा पूर्ण वाचला. पाहणी सवयीची करावी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी चाळीस घरांत पाठांतराची परीक्षा घेऊन आलो होतो.

भाषणानं सवय बदललीच नव्हती, म्हणून त्याच घरांत पहिली पाहणी पुन्हा करायला सरांनी नवे फॉर्म मान्य केले. या वेळी मी काहीच विचारलं नाही. प्रत्येक घरी पाणी मागितलं आणि नुसतं बघितलं. चाळीस घरी चाळीस वेळा बोटं बुडाली. एवढ्या आनंदानं गढूळ पाणी कुणी प्यायलं नसेल.

शिकवायचं काय, हे मात्र मला सुचेना. ते अक्कांनीच सुचवलं. कळशी भिंतीतल्या फळीवर चुंबळीत जरा तिरकी बसवायची, फुलपात्र खाली ठेवायचं आणि एका हातानं कळशी कलती करायची. दुसरा हात चाकावर. बायका एकमेकींच्या घरी जाऊन चुंबळी बसवून आल्या. मी फळ्या ठोकल्या, त्यातल्या दोन पडल्या.

तीन आठवड्यांनी दुसरी पाहणी. सगळी घरं बदलली नव्हती, निम्म्याहून थोडी जास्त बदलली होती. पण फरक खरा होता. शेवटचं घर अक्कांचं. पाणी मागितलं. त्या सूत तुटलं म्हणून गाठ मारत होत्या. म्हणाल्या, "घ्या की तुमच्या हातानं."

मी वाकलो, फुलपात्र उचललं आणि थेट बोटांसकट कळशीत बुडवलं.

अक्कांनी गाठ पुरी केली. "आता त्या कागदावर ल्ह्या," त्या म्हणाल्या. "अक्का, व्हय. मास्तर, न्हाय."

प्रबंध शेवटच्या दिवशी दिला आणि पदवी मिळाली, दुसऱ्या वर्गात. समास बरोबर दीड इंच होता.