घोंगडं पांघरून उडणारी

“घोंगडं पांगरून कोण उडतंय रं ह्ये?”

सोप्यावरून शशीदादाचा प्रश्न आला, पाठोपाठ त्याचं हसणं, आणि माझ्या हातातल्या ट्रेमधले कप एकमेकांना टेकून हलकेच किणकिणले. भीतीचा आवाज कसा असतो असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, चिनीमातीसारखा. बारीक, स्वच्छ, आणि आपण कितीही श्वास रोखून धरला तरी न थांबणारा.

स्वयंपाकघर आणि पुढचा सोपा यांच्यामधल्या दाराआड मी उभी होते. हिवाळ्यातली दुपार कलली होती. गावाबाहेरच्या गुऱ्हाळातून उकळत्या रसाचा गोड, किंचित करपट वास आष्ट्यातल्या आमच्या गल्लीपर्यंत येऊन रेंगाळला होता. माझा चुलतभाऊ शशीदादा आणि त्याचे दोन मित्र चहाची वाट बघत बसले होते. दादाने मोबाइल अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पुढे धरला होता. पडद्यावर एका चित्रकथेचं नवं मुखपृष्ठ होतं: काळं घोंगडं खांद्यावर घेऊन आभाळात झेपावलेली एक मुलगी. ते चित्र माझं होतं. आणि हे त्या सोप्यावरच्या एकालाही ठाऊक नव्हतं.

तुम्ही कधी आपल्याच हातून घडलेल्या गोष्टीबद्दल, आपण तिथे नसल्यासारखं, चार माणसांना बोलताना ऐकलं आहे का? आपण अदृश्य आहोत याचं केवढं हायसं वाटतं, आणि त्याच क्षणी केवढं पोरकंही!

त्या चित्रकथेचा, आणि आमच्या घरातलाही, मूळ नायक वीजकेतू. अप्पा फौजेत होते. सुट्टी संपवून परत निघाले की मिरज स्टेशनवर ते वीजकेतूचा अंक घेत आणि पुढच्या सुट्टीला, कोपरे झिजलेला, अनेक हातांतून फिरून आलेला तो अंक काळ्या ट्रंकेतून माझ्यासाठी परत येई. त्या ट्रंकेला बुटांच्या पॉलिशचा आणि डांबरगोळ्यांचा वास होता. माझ्या लेखी पराक्रमाला अजूनही तोच वास आहे. वीजकेतू गोरा, उंच, शहरातला. पाठीवर निळी झूल. संकटातल्या माणसाने हाक मारली की तो विजेच्या लोळातून उतरे आणि दोनच शब्द बोले, “मी आहे.” अप्पा ड्यूटीवर निघताना मी रडू लागले, की तेही छाती पुढे काढून अगदी त्याच्यासारखं म्हणत, “मी आहे.” मग ते निघून जात. ते नसताना ते असण्याची ती दोन शब्दांची सोय होती.

आता प्रकाशकांनी ठरवलं आहे की वीजकेतू थकेल आणि आपली वीज दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली करील. ती जाईल वडूजकडच्या एका मेंढपाळाच्या मुलीकडे. नाव तेच, वीज तीच, माणूस वेगळं. तिचा चेहरा रेखाटायचं काम माझ्याकडे आलं. मी घरी बसून काम करते. घरच्यांच्या हिशेबी मी पुण्याच्या कंपनीसाठी ‘कायतरी कंप्युटरवर’ करते, आणि त्या ‘कायतरी’च्या आडोशाला मी फार सुखात होते.

मुखपृष्ठ बाहेर आलं आणि तो आडोसा पातळ होत गेला. आमचं बालपण नासवलं, असं कुणी लिहिलं. काढणाऱ्याचं नाव शोधा, असंही कुणी लिहिलं. मी ते वाचत राहते, ठसठसणाऱ्या दाताला जीभ पुन्हापुन्हा लागावी तशी. सकाळी संपादक बाईंचा फोन आला होता. त्या चांगल्या आहेत, माझ्या काळजीनेच बोलत होत्या. आतल्या पानावर तुझं नाव घालायचं की नाही ते संध्याकाळपर्यंत कळव, म्हणाल्या. नाही घातलं तर जास्त सुरक्षित. आणि जाता जाता, मुखपृष्ठावर मुलीच्या तोंडी तू जे ‘मी हाय’ लिहिलंयस ते छापताना ‘मी आहे’ करू या का? लोक हाय-हॅलोमधलं हाय वाचतील.

मी विचार करते म्हणाले. मी नेहमीच विचार करते म्हणते.

“नवी काढा की, कुणी अडवलंय?” बाहेर शशीदादा म्हणत होता. “आमच्या गड्याच्या अंगावरची कापडं काढून तिला कशाला घालताय?”

मित्र हसले. मला हसू आलं नाही, पण राग आला असंही नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं का? लहानपणी ज्याच्या भरवशावर आपण अंधारातून परसात गेलो, तो एक दिवस परका चेहरा घेऊन समोर आला तर कुणालाही चोरी झाल्यासारखंच वाटेल. पण मग मला दुसरा प्रश्न पडतो. त्या निळ्या झुलीतल्या माणसाच्या तोंडून आमच्या गावातलं कुणी कधी का बोललं नाही? रक्षण करणारा नेहमी पुस्तकी मराठीत बोलणारा, आणि ज्यांचं रक्षण व्हायचं ते मात्र ‘वाचवा’ एवढंच म्हणणारे. हे आम्ही इतकी वर्षं न अडखळता कसं वाचलं?

मात्र शिव्यांहूनही जास्त मला भ्यायला लावलं ते एका साध्या ओळीने. माणदेशाकडच्या कुणीतरी लिहिलं होतं, “आमच्या घोंगड्याची चेष्टा लावलीया का?” उसाच्या रानाच्या मालकाची लेक, इंग्रजी शाळेत शिकलेली मी. मला ते घोंगडं कुणी दिलं होतं? मी ते घेतलं, की उचललं?

खरं तर ते माझ्यावर घातलं गेलं होतं.

मी सात वर्षांची होईपर्यंत आम्ही अप्पांबरोबर छावण्यांमध्ये राहिलो. मग आई मला घेऊन आष्ट्याला आली आणि मी इथल्या इंग्रजी शाळेत जाऊ लागले. छावणीत घरीदारी हिंदीच चाले, त्यामुळे गावाची बोली माझ्या कानांना नवी होती. दिवाळीनंतर पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून मेंढपाळांची कुटुंबं इकडे उतरतात. रिकाम्या रानात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं. त्या वर्षी आमच्या रानातही एक वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, उतरला होता. सांजेला एका कोकराच्या मागे धावत मी शेजारच्या उभ्या उसात शिरले आणि चार सऱ्या ओलांडल्यावर मला कळलं, की मागे वाट उरलेली नाही. सगळीकडे सारखीच हिरवी भिंत. पाती गालांना कापत होती. वर आभाळाची एक चिंधी, तीही विझत चाललेली. मी हाक मारली नाही. भित्री मुलं हाक मारत नाहीत, कारण हाक कुणाला ऐकू जाईल ते सांगता येत नाही.

मग पाचोळा वाजला. काहीतरी काळं, रुंद, माझ्याहून मोठं जवळ येत गेलं आणि त्यातून आवाज आला, “भिऊ नगंस. मी हाय.”

आणि मी, इंग्रजी शाळेतली शिस्तशीर मुलगी, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून, हात हलवून म्हणाले, “हाय!”

ती एवढी हसली, की ऊसही हसल्यासारखा सळसळला. हिरा तिचं नाव. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिने घोंगड्याचं अर्धं टोक माझ्या डोक्यावरून घेतलं, पाती लागू नयेत म्हणून, आणि मला बाहेर काढलं. लोकर खरखरीत होती. तिला धुराचा, दुधाचा, मेंढरांचा उबदार वास होता. बांधावर आलो तेव्हा वारा सुटला होता, आणि ते जड घोंगडं तिच्या पाठीमागे उडलं. संध्याकाळच्या तांबड्या उजेडात ती मला प्रचंड दिसली. पुढे काही दिवस मला पाहिलं की ती लांबूनच ओरडायची, “हाय!” आणि मीही “हाय!” म्हणायचे. ती तिच्या बोलीत म्हणत होती की माझ्या, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. मग एका सकाळी वाडा उठून गेला. आज ती कुठे आहे मला माहीत नाही. तिला हे चित्र दिसलं, तर ती हसेल का? की तीही विचारील, चेष्टा लावलीया का?

म्हणजे मला जे अभय मिळालं ते ‘मी आहे’ या शब्दांत मिळालंच नव्हतं. अप्पांचं ‘मी आहे’ हे निघून जाणाऱ्याचं होतं, आणि तेही मला प्रिय होतं. पण जी आली होती, ती म्हणाली होती, मी हाय. तो शब्द बदलायला मी होकार दिला असता, तर उसातली ती मुलगी पुन्हा एकदा मुकी झाली असती, आणि या वेळी माझ्या हातून.

चहावर साय धरू लागली होती. सोप्यावरचं हसणं थांबलं होतं. दाराच्या फटीतून मला दिसलं, अप्पांनी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला होता आणि दोन बोटांनी चित्र मोठं करत ते बघत होते. आधी घोंगडं, मग चेहरा, मग तोंडाजवळची ती अक्षरं. ओठ हलवत त्यांनी ती वाचली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना. ज्यांच्या ट्रंकेतून वीजकेतू माझ्याकडे आला, त्यांच्याच हातात मी त्याचा शेवट ठेवला होता. ते मोबाइल खाली ठेवतील, उठतील, आणि पुन्हा कधी या विषयावर बोलणार नाहीत, याची मला सगळ्यात जास्त भीती होती. परक्यांनी शिव्या दिल्या, तर मोबाइल बंद करता येतो. वडील गप्प बसले, तर काय बंद करायचं?

“नाव कुठं दिसंना ह्यावर,” अप्पा म्हणाले. आवाज सपाट होता, पहाऱ्यावर उभ्या जवानाचा असावा तसा. “काढलंय आन् नाव घातलं न्हाई. भ्यालाय व्हय? कोण हाय ह्यो?”

शशीदादाने खांदे उडवले. मला वाटलं, अजूनही आत वळता येईल. चहा गार झाला म्हणून पुन्हा गरम करायला नेता येईल. आणि संध्याकाळी बाईंना कळवता येईल, नका घालू. भोवती पुन्हा उसाच्या त्याच भिंती होत्या, तीच विझणारी चिंधी. फक्त या वेळी उसाबाहेरून कुणीतरी विचारत होतं, आणि आत मी एकटीच होते.

मी पायाने दार ढकललं. कप किणकिणत राहिले. मी त्यांना थांबवलं नाही.

“मी हाय.”