छातीत नळी टाकण्याआधी विचारलेलं नाव

‘न्यूमोथोरॅक्स आहे,’ ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्या यजमानांची मोडलेली बरगडी फुप्फुसाला लागून त्यातली हवा छातीत कोंडली होती. त्यांनी सुई टाकून थोडी हवा काढली. ‘नळी टाकावी लागेल. पण सर्जन ऑपरेशनमध्ये आहेत,’ एवढं सांगून ते दुसऱ्या जखमीकडे धावले.

त्या दुपारी आर्वीच्या बाजारात वादळाने टिनाचं शेड कोसळलं होतं. हे तिथं सोयाबीन विकायला गेले होते, ते त्याखाली सापडले. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

पांढरा ॲप्रन घातलेला एक माणूस आला. ‘मी डॉक्टर, मदतीला आलो,’ म्हणत यांच्या बरगड्या चाचपू लागला. मी त्याला हात जोडले.

इन्चार्ज सिस्टरने त्याचा हात धरला. ‘सर, रजिस्ट्रेशन नंबर?’ म्हणजे डॉक्टर म्हणून झालेल्या नोंदणीचा क्रमांक.

‘कार्ड गाडीत राह्यलं. आणतो.’

यांचे ओठ निळे पडत होते. मी सिस्टरवर ओरडले, ‘माणूस मरून राह्यला अन् तुम्ही कागद काऊन मागता?’

‘काकू, मले दिसून राह्यलं. पण सुरी कोणाच्या हाती देतो, ते पाहू द्या.’

तो माणूस परत आलाच नाही. मी भिंतीला धरून उभी राहिले.

मग एक तरुण बाई आल्या. सर्जन, नोकरी नागपूरला, सासर आर्वीत. त्यांनी नंबर सांगितला. सिस्टरने मोबाइलवर नोंदणीची यादी पाहिली. यादीत नाव माधुरी, आधार कार्डावर ऋचा.

‘लग्नात नाव बदललं हो!’ बाई रडकुंडीला आल्या.

माझंही बदललंय. तरी माझा विश्वास बसेना, आणि इकडे हे श्वासासाठी मान ताणत होते.

ओळख पटवायला बाईंनी आपल्या जुन्या सरांचा फोन नंबर दिला, तो सिस्टरने घेतला नाही. त्यांच्या कॉलेजचा नंबर स्वतः शोधला आणि तिथल्या लोकांना त्या सरांना व्हिडिओ कॉलवर बोलवायला लावलं. ‘अगं माधुरी, तू तिथं कशी?’ सर म्हणाले. सिस्टरने लगेच ग्लोव्ह्ज पुढे केले आणि ड्यूटीच्या डॉक्टरांना बोलावून शेजारी उभं केलं.

नळी बसली. कोंडलेली हवा नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडू लागली. यांनी पाणी मागितलं.

काही दिवसांनी घरी निघताना मी सिस्टरला म्हटलं, ‘मी तुम्हाला नाही नाही ते बोलले.’

‘दिवसभर आयकतो, काकू. पुढच्या खेपेलेही बोलजा. आम्ही विचारूच.’

तुमच्यावर अशी वेळ आली, तर विचारणाऱ्याला विचारू द्या. तेवढा वेळ उभं राहवत नाही. भिंतीला धरून उभं राहा.