ताटात टाकायचं न्हाय

बेळगावच्या डॉक्टरांनी आहार विचारला तेव्हा सुलाबाईंनी छातीठोक सांगितलं, "एकच भाकरी खातो मी."

निपाणीची ही बाई सत्तरीला टेकलेली, वजन नव्वदीच्या पुढं. गुडघे कामातून गेलेले. वजन उतरल्याशिवाय गुडघ्यांचं ऑपरेशन नाही, आणि ते नाही तर उरलेलं आयुष्य खुर्चीत. खोटं त्या बोलल्या नव्हत्या. भाकरी एकच असायची. पण मागाहून पातेल्याच्या तळचा भात, सुनेची उरलेली आमटी, मुलाच्या ताटातली चपाती, सगळं त्यांच्याच पोटात जायचं, आणि त्याला त्या जेवण धरतच नसत. लहानपणी आईबरोबर तंबाखूच्या वखारीत चाळणीवर राबलेल्या. ताटात टाकायचं न्हाय, हे तिथंच शिकलेल्या. बँकेत साहेब झालेल्या सुगतला आईनं उष्टं खाल्लेलं आवडत नसे. त्याला काय जातंय बोलायला!

वजन उतरवायला या वयात पोटाची मोठी शस्त्रक्रिया नको, डॉक्टर म्हणाले. तोंडातून दुर्बीण घालून पोटाला आतून टाके घालू, म्हणजे पोट लहान होईल.

"कापायचं न्हाय, तर शिवायचं कशाला?" सुलाबाईंनी विचारलं. डॉक्टर हसले, पण टाके पडलेच. दोन दिवसांत त्या घरी आल्या. येताना ताकीद मिळाली होती, जास्त खाल्लं तर टाके उसवतील.

महिनाभर पेज आणि कढण झालं, मग घट्ट जेवण सुरू झालं. एका दुपारी फोन आला म्हणून सुगत निम्मा भात टाकून उठला. सुलाबाईंची अर्धी भाकरी नुकतीच संपली होती. सवयीनं त्यांनी त्याचं ताट ओढलं, घास उचलला. तो तोंडापर्यंत जाईना. बाई घाबरल्या. टाके गेले तर गुडघेही गेले. पण हातातला घास परत ठेवायचा कसा, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

समोर सून जेवत होती, पारमिता. "काय झालं, आई? दुखतंय?"

"दुखत न्हाय गं. आत जागाच न्हाय. असं कवा झालंच न्हवतं."

"म्हणजे पोट भरलं तुमचं."

सुलाबाईंनी हातातल्या घासाकडे पाहिलं. पातेलं रिकामं झालं की जेवण संपलं, एवढंच त्यांनी आजवर पाहिलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. घास ताटात ठेवून त्यांनी हात धुतला.

"सुगतला हाक मार," त्या म्हणाल्या. "त्येचा भात हाय म्हणावं. माझं पोट भरलं."