येऊन राह्यला

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. आरोपीच्या वकिलाच्या हातात हत्यार मीच दिलं होतं.

राज्यांची फेररचना झाली आणि साताऱ्याकडचा मी फौजदार म्हणून चांदा जिल्ह्यात आलो. पहिल्याच महिन्यात चिमूरच्या बाजूची, तलावावर मासे धरून जगणारी एक तरुण विधवा ठाण्यात आली. लाकडाच्या ठेकेदाराच्या माणसाने तिच्यावर बळजबरी केली होती. खबर मी स्वतः लिहून घेतली.

“तो माह्या घरी येऊन राह्यला होता. मी ताटी लावली,” एवढं बोलून ती थांबली. पुढचं तुटक तुटक सांगितलं. मी शुद्ध मराठीत लिहिलं: ‘तो माझ्या घरी येऊन राहिला होता. मी ताटी लावली.’ वाचून दाखवलं. तिने मान हलवली, अंगठा दिला.

आरोपी सापडला. चौकशीत त्याचं एकच पालुपद: “तिनंच बोलावलं, साहेब.” पंचनाम्यात दाराची बांबूची ताटी मोडलेली होती. त्यावर तो म्हणे, जुनीच होती.

सेशन कोर्टात वकिलाने माझंच वाक्य उचललं. “पुरुष घरात मुक्कामाला आणि ताटी बंद. बळजबरी कुठली? असे आणखी किती जण राहून गेले, बाई?”

लोक हसले. त्या काळी अशा खटल्यात बाईच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा क्वचितच होई. तिच्या चालीबद्दल मात्र वाटेल ते विचारता येई.

“तो येऊन राह्यला होता म्हनूनच त लावली ना!” ती कळवळून म्हणाली.

“म्हणजे कबूल,” वकील म्हणाला.

मधल्या सुटीत मी व्हरांड्यात चहा घेत होतो. पट्टेवाल्याने माझ्या नावाने हाका सुरू केल्या. माझा हवालदार त्याच्यावर खेकसला, “काऊन बोंबलून राह्यला बे? साहेब चहा पिऊन राह्यले!”

हे बोलणं मी रोज ऐकत होतो. त्या दिवशी ते कानात शिरलं. मी चहा पीत होतो. तो येत होता. तो येताना दिसला, म्हणून तिने ताटी लावली होती.

साक्षीला उभा राहिलो आणि सांगितलं, “बाई खरं बोलल्या. मी चुकीचं लिहिलं.”

“फौजदारसाहेबांना मराठी येत नाही वाटतं?” वकील म्हणाला.

“इथली येत नव्हती.”

न्यायाधीशांनी तिला पुन्हा बोलावून विचारलं. मोडक्या ताटीला आता अर्थ आला. आरोपीला शिक्षा झाली.

खटला सरकारचा असतो, बाई त्यात नुसती साक्षीदार. तिच्याजवळ तिचे शब्द तेवढे असतात आणि तेही आम्ही लिहितो. पुढे नोकरीभर मी बोलणाऱ्याचा शब्द बदलला नाही.

पण तिच्यासमोर जायला मला धीर होत नव्हता. बदलीचा हुकूम आला तेव्हा गेलो. ती अंगणात जाळं सांधत होती. दाराला नवी ताटी होती.

“काऊन आले साहेब? आता काय राह्यलं?”

“तुमची माफी मागायची राहिली होती, बाई,” मी म्हणालो.