मावशीची दुसरी प्रत

मावशीला कुठल्याही गोष्टीची दुसरी प्रत सहन होत नसे. जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी केली, ती सवय हाडीमाशी खिळलेली. घरात दोन कात्र्या दिसल्या की एक शेजारी गेलीच म्हणून समजा. माझ्या लग्नात भिंतीवरची दोन घड्याळं आली, तर एक तिने परस्पर देऊन टाकलं आणि वर मलाच विचारलं, "वेळ काय दोन दोन बघणार आहेस?"

कॉम्प्युटरवरचे बुकमार्कही तिने ग्रंथालयाच्याच शिस्तीत, पुस्तकांच्या विषयांना असतात त्याच आकड्यांच्या फोल्डरमध्ये लावले होते. औषधपाण्याला ६१०, स्वयंपाकाला ६४१. ७७० म्हणजे फोटोग्राफी. त्या फोल्डरमध्ये आमचा मामा होता.

मामा भांडून घरातून गेला त्याला जमाना झाला. जुने कॅमेरे दुरुस्त करतो, एवढंच ठाऊक. हौशी लोकांच्या ब्लॉगखाली तो अडलेल्यांना उत्तरं लिहायचा, दर वेळी नवं टोपणनाव घेऊन. मावशी त्याला एकाच वाक्यावरून ओळखायची: "स्क्रू बशीत ठेवा, तोंडात नको." लहानपणी त्याने एक गिळला होता. एकदा न राहवून तिने खाली लिहिलं, "मी ताई आहे रे." दुसऱ्या दिवसापासून मामा गप्प. पुन्हा सापडेपर्यंत वर्ष गेलं. त्यानंतर ती नुसती वाचायची.

अलीकडे एकाने त्याला कॅमेरा पाठवायला पत्ता विचारला होता. मामाने लिहिलं, "घर बदलतोय. हात थरथरतो, पण बघतो. बदललं की पत्ता इथेच टाकतो." तेव्हापासून मावशी सकाळचा चहा घेता घेता ते पान उघडायची.

"लिहिणार नाही, बोलणार नाही," ती मला म्हणाली होती. "सरळ दारात जाऊन उभी राहीन. स्वतःच्या घरातून कुठे पळेल?"

आणि नेमकं तेव्हाच बँकेचं पान जुन्या ब्राउझरवर उघडेनासं झालं. मावशीने नवा ब्राउझर घेतला, सगळे बुकमार्क स्वतः त्यात आणले, नीट आलेत ना ते पाहिलं आणि जुना काढून टाकला. मग लगेच तोच ब्राउझर फोनवर घेतला. तिथेही ६१०, ६४१, ७७० हजर! दुसरी प्रत. तिने फोनवरचे सगळे फोल्डर शांतपणे पुसले. ग्रंथालयात जादा प्रत काढली म्हणून कपाटातली पहिली कधी नाहीशी झाली नव्हती. इथे फोन आणि कॉम्प्युटर एकाच खात्याला बांधलेले, एकीकडे पुसलं की दुसरीकडूनही जातं, हे तिला कुणी सांगितलं होतं? एरवी हे ब्राउझरवाले ऊठसूट परवानगी मागत असतात. त्या दिवशी मेल्यांनी तोंड उघडलं नाही.

मी पोचले तेव्हा ती रिकाम्या पडद्यासमोर बसली होती.

"मागे घेता येईल ना गं?"

नाही आलं. काय काय पाहिलं होतं त्याची नोंद जुन्या ब्राउझरबरोबर गेली होती. ब्लॉगचं नाव तिला आठवेना. फोल्डर उघडायचा, दाबायचं, एवढाच रस्ता तिला माहीत. ते वाक्य टाकून शोधलं तर स्क्रू आणि बश्या विकणारी दुकानं पुढे आली. आम्ही दिवस दिवस शोधलं. दुरुस्तीची पानं पालथी घातली, परक्या लोकांची भांडणं वाचली. शेवटी माझाच धीर सुटला, मी तिच्यावर खेकसले. तिने चष्मा पुसला आणि पुढचं पान उघडलं. मला तेच फार लागलं.

महिना उलटला. परवा गेले तर कॉम्प्युटरवर कापड घातलेलं. चहा ओतताना ती म्हणाली, "पत्ता आला असेल गं एव्हाना. दिलेला शब्द पाळतो तो."

मी मान हलवली.

"ज्याचा साधा कॅमेरा बिघडला असेल, तोसुद्धा जाऊन येईल त्याच्याकडे," ती म्हणाली आणि कप माझ्याकडे सरकवला.