पेरूजाची शाळा आणि सर्जेराव

बंधूंचं कार्ड जतहून आलं तेव्हा मी सांगलीत आईजवळ होते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी सुटेपर्यंत मला राहणं भाग होतं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, म्हणून वाचण्याआधीच मी खाली बसले. आत दोन ओळी होत्या. सर्जेरावांना तीन दिवस ताप होता, छातीत कफ साचला, रविवारी सकाळी गेले. मी निघताना त्यांनी मला सांगलीहून रंगीत खडू आणायला सांगितले होते. खडूंची पेटी माझ्या ट्रंकेत तशीच होती. ती आता कुणाला द्यायची, एवढाच विचार तेव्हा डोक्यात आला... याला सात आठवडे झाले. दुःख आहेच, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा गोंधळ जास्त आहे. तो उलगडेल या आशेनं लिहायला बसले आहे.

सर्जेराव जतच्या पूर्वेकडच्या एका वाडीचे. वडील मेंढरांमागे म्हसवडपासून विजापूरपर्यंत फिरणारे, आई पलीकडच्या कन्नड मुलखातली. घरात बापाशी मराठी आणि आईशी कन्नड, आणि ह्या दोन वेगळ्या भाषा आहेत हे त्यांना बरंच उशिरा कळलं. आठव्या वर्षी शाळेत घातलं. दुसऱ्याच दिवशी तहान लागली म्हणून ते मास्तरांना ‘नीर बेकु’ म्हणाले. मास्तर वरच्या अंगाचे, कन्नड न कळणारे, त्यांना वाटलं पोरगा चेष्टा करतो. दुपारभर उन्हात उभं केलं. पाणी मागितल्याबद्दल तहानलेलं ठेवलं, असं सर्जेराव हसत सांगत. तिसऱ्या दिवसापासून ते परत मेंढरांमागे गेले. पुढे अठराव्या वर्षी पलटणीत भरती झाले आणि अक्षरओळख तिथे झाली.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते लढाई संपून वर्ष झाल्यावर. मी ट्रेनिंग केलेली बाई, वैधव्य लवकर आलेलं, जतला कंपाउंडर असलेल्या बंधूंकडे राहत होते आणि नोकरी शोधत होते. एक उंच, वाळका माणूस दारात आला. चपला बाहेर काढून उभाच राहिला. म्हणाला, “बाई, आमच्या वाडीत शाळा काढायची हाय. दोन भाषांची. मराठी तुमी शिकवा, कानडी मी बघतो.” मी विचारलं, दोन भाषांची शाळा कशी असते? मुलं कुठलीच धड शिकायची नाहीत. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “म्या डोळ्यांनी बघितलीया, बाई. इटलीत.”

मग त्यांनी सगळी हकिकत सांगितली. आफ्रिकेच्या वाळवंटात ते पकडले गेले. तिथून जहाजानं इटलीत, तारांच्या कुंपणातल्या छावणीत. पुढे इटलीनं हत्यार टाकलं, पहारेकरी पळाले आणि कैदी वाट फुटेल तिकडे चालू लागले. सर्जेराव डोंगरांतून महिनाभर चालत पेरूजा नावाच्या शहरात पोचले. साताऱ्यासारखंच डोंगराच्या अंगावर वसलेलं शहर, ते म्हणत, फक्त घरं सगळी दगडाची आणि गल्ल्या पायऱ्यांच्या. जर्मन शिपाई रस्त्यारस्त्यांत होते. एका शाळेच्या बाईंनी त्यांना मागच्या दारानं आत घेतलं. त्यांचं नाव बेआत्रिचे. आमच्या वाडीत पुढे सगळे त्यांना बेतरीबाई म्हणू लागले. शेजारपाजाऱ्यांना त्यांनी सांगितलं की हा दक्षिणेकडचा मुका गडी आहे. सर्जेराव आठ महिने मुके होऊन त्या शाळेच्या स्वयंपाकघरात राहिले.

ही शाळा देशोदेशीच्या मुलांची होती. व्यापाऱ्यांची, वकिलातीतल्या लोकांची, गावातल्या शिंप्याचीसुद्धा. सकाळी इटालियन, दुपारी इंग्रजी. एका बाकावर दोन भाषांची दोन मुलं शेजारी बसवायची, म्हणजे एकाला अडलं की दुसरा सांगणार. मुलानं कुठल्याही भाषेत विचारलं तरी चालेल, हसायचं मात्र नाही. सर्जेराव प्रत्येक मुलाचं वर्णन करत. खिडकीजवळची लुचिया वेणीचं टोक चावत बसे. एमिलिओ एका वाक्यात दोन्ही भाषा कालवी. ग्रीक मुलगी इरिनी हिशेबाला पक्की, पण फळ्यापुढे उभं केलं की रडे. इतकं बारीक सांगत की मला ती पोरं वाडीतल्या पोरांइतकी ओळखीची झाली.

मी त्यांच्या वाडीला गेले. मारुतीच्या देवळामागच्या पडवीत शाळा भरली. बाकं नव्हती, पोती होती. एका पोत्यावर घरात मराठी बोलणारं मूल आणि घरात कन्नड बोलणारं मूल. कन्नड अक्षरं सर्जेरावांनी स्वतः मामाकडून शिकून घेतली होती. पहिले सहा महिने मला काही सुचत नव्हतं. मी मराठीत विचारायची, उत्तर कन्नडमध्ये यायचं आणि शेजारचं मूल मध्येच ते मराठीत करून टाकायचं. बरोबर कुणाचं धरायचं? सर्जेरावांना विचारलं तर म्हणत, “दोगांचं धरा की. बेतरीबाई दोगांचं धरायच्या.”

भांडणं पुष्कळ झाली. मराठी घरांना वाटे हा माणूस आईकडचा, पोरांना कानडी करणार. कन्नड घरांना वाटे हा मराठ्यांच्या पलटणीतला, आमची भाषा बुडवणार. संस्थान विलीन झाल्यावर तर शाळा तपासणारे दिपोटी साहेबही विचारू लागले की ही शाळा नक्की कुठल्या भाषेची म्हणून लिहायची. दर वेळी सर्जेराव उभे राहून एकच सांगत, की मी ही गोष्ट चालताना पाहिली आहे. सात देशांच्या पोरांना जमलं, तर आपल्याला दोन भाषांचं का जमू नये? तेवढ्यावर भांडण मिटे. सरकारकडे गेलेला अर्ज मी लिहिला होता. ‘अर्जदाराने अशी शाळा प्रत्यक्ष पाहिली आहे’ हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

मी सांगलीहून परतले आणि आठवड्याभरात पत्र आलं. पलटणीच्या ठाण्यावरून फिरत फिरत, चार ठिकाणचे शिक्के घेऊन. पत्र इटलीहून होतं. सर्जेरावांच्या पत्नी हौसाबाई यांनी ते माझ्या हातात दिलं आणि वाचा म्हणाल्या. मला त्यातलं एक अक्षर कळेना. सही तेवढी लागली, बेआत्रिचे. पाचगणीच्या एका शाळेत इटलीकडच्या एक वयस्कर सिस्टर आहेत असं कळलं, म्हणून मी सांगली, सातारा करत पाचगणीला गेले. सिस्टर इटालियन वाचून इंग्रजीत सांगत, मी इंग्रजी मनात मराठी करून घेई, आणि जिथे माझं इंग्रजी संपे तिथे त्या मोडक्या हिंदीत सांगत. एक परिच्छेद मी त्यांना तीनदा वाचायला लावला. मला वाटलं त्यांचं चुकतंय, नाहीतर माझं.

बेआत्रिचेबाईंनी लिहिलं होतं की शाळा या वर्षी पुन्हा उघडली, नऊ मुलं आली आहेत. लढाईच्या आधीच सरकारनं ती बंद करायला लावली होती, तेव्हापासून वर्ग धूळ खात पडले होते. ‘तू आलास त्या हिवाळ्यात ह्या इमारतीत तू आणि मी दोघंच होतो. रिकामी बाकं पाहून तू पहिल्या दिवशी घाबरलास. मग रोज संध्याकाळी एकेका बाकापाशी उभा राहून विचारू लागलास, इथं कोण बसायचं? मी सांगत गेले. तू माझा त्या वर्षीचा एकुलता एक विद्यार्थी. आपण सकाळी इटालियन करायचो, दुपारी इंग्रजी. त्या मुलांपैकी चौघांचा पत्ता लागला आहे. लुचियाचा अजून नाही.’

म्हणजे सर्जेरावांनी ती शाळा भरलेली कधी पाहिलीच नव्हती.

पाचगणीहून उतरताना मोटारीत मला त्यांचा राग आला. मग माझाच आला. चार वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर मी भांडले, ज्याच्यासाठी अर्जात तसं लिहून दिलं, तो माणूस खोटं बोलत होता का? मुद्दाम? की सांगता सांगता त्यांना खरंच ती पोरं दिसू लागली होती? बाईंनी आठ महिने रोज सांगितलं आणि यांनी आठ महिने रोज ऐकलं. आठ महिने दुसरं काही ऐकायलाच नसेल, तर ते पाहिल्यासारखं होत असेलही... वाईपर्यंत मी एका बाजूला होते, साताऱ्याला पोचेपर्यंत दुसऱ्या. अजूनही तसंच चाललं आहे.

हौसाबाईंना सांगावं की नाही, हे दोन दिवस ठरेना. शेवटी सांगितलं. त्या जोंधळा निवडत होत्या, हात थांबला नाही. निवडता निवडताच म्हणाल्या, “मला काय ठावं न्हाई, बाई. आमचा धनी मेंढरं कोंडताना एकेकाला त्या पोरांच्या नावानं हाक मारायचा. लुशा, यमिल्या... एक जरी मागं ऱ्हायलं तर जेवायचा न्हाई.” नंतर पत्र मागून घेतलं आणि डाळीच्या डब्याखाली ठेवलं. दिपोटी येणार होते हे त्यांना माहीत होतं. उठताना एवढंच म्हणाल्या, “त्यास्नी काय सांगायचं ते तुमी ठरवा. म्या मधी पडत न्हाई.”

पंधरा दिवसांनी दिपोटी आले. अर्जाची नक्कल त्यांच्याजवळ होती. त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाले, अर्जदार तर वारले, आता ह्याला आधार काय? मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण माझ्या अक्षरातलं वाक्य माझ्यासमोर होतं. मी म्हटलं, “साहेब, हे वाक्य खरं नाही. त्यांनी शाळा पाहिली नव्हती, ऐकली होती. मलाही पंधरा-वीस दिवसांपूर्वीच कळलं.”

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, म्हणजे हे सगळं ऐकीव गोष्टींवर उभं आहे? मी हो म्हटलं. त्यांनी मग मुलांकडे मोर्चा वळवला. तुकाराम नावाच्या मुलाला मराठीत विचारलं, आपल्या गावाचा ओढा कुठून कुठे वाहतो. तुक्या उठला, पण मधला एक शब्द अडला. शेजारच्या निंगव्वानं तो कन्नडमध्ये सांगितला, तुक्यानं तो मराठी करून वाक्य पुरं केलं आणि दोघं खाली बसली. कुणी हसलं नाही. साहेबांनी असे आणखी सात-आठ प्रश्न विचारले, कागदावर बरंच काही लिहिलं आणि ते निघून गेले. गेल्या मंगळवारी हुकूम आला. शाळा आणखी एक वर्ष चालवावी, तोवर कन्नडसाठी शिक्षक मिळवावा, न मिळाल्यास एक भाषा करावी. हा विजय म्हणावा की नाही, मला सांगता येत नाही.

बेआत्रिचेबाईंना उत्तर द्यायचं राहिलं होतं. सर्जेराव गेल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलं, त्याला दुसरी वाट नव्हती. मग मुलांना विचारलं, आणखी काय लिहू? मुलं म्हणाली, त्या बाईंनी आपली शाळा बघितली नाही, तर कोण कुठं बसतं ते लिहा. तशी सुरुवात झाली. प्रत्येकानं आपलं नाव, आपली रांग आणि आपल्याबद्दल एकेक गोष्ट सांगितली, कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये. निंगव्वाला सशाची भीती वाटते. तुक्याला झाडावर चढता येतं, उतरता येत नाही. मी लिहीत गेले. पाचगणीच्या सिस्टर ते इटालियन करून देणार आहेत.

तिसऱ्या रांगेशी आल्यावर मुलं थांबली. मी मराठीचा धडा घ्यायची तेव्हा सर्जेराव, मुलांचे मामा, पाटी घेऊन त्या रांगेत, निंगव्वा आणि तुक्याच्या मध्ये बसत. मराठी लिहिताना त्यांची वेलांटी नेहमी चुके, आणि निंगव्वा ती पुसून दुरुस्त करी. अजून ती दोघं सरकून एकमेकांजवळ आलेली नाहीत. मध्ये एका माणसाची जागा सोडूनच बसतात. मी काही सांगितलेलं नाही.

“मामांचं लिवा की,” निंगव्वा म्हणाली.

मी लिहिलं, ‘तिसऱ्या रांगेत, या दोघांच्या मध्ये, सर्जेराव बसतात.’ लिहून झाल्यावर पाहिलं तर ‘बसतात’ असं झालं होतं. पहिल्या ओळीत ते गेल्याचं कळवलं आहे आणि शेवटच्या ओळीत ते बसलेले आहेत. सिस्टरना भाषांतर करताना प्रश्न पडेल, त्या विचारतील. मी बराच वेळ टाक हातात धरून बसले... आणि पत्र तसंच पाकिटात घातलं.